कंक नुसता कंकच असता तर

मत्स्यदेशाचा राजा विराट फासे खेळत बसलेला आहे. आपला मुलगा उत्तर कौरवांच्या सेनेला हरवून परत येत आहे, अशी वर्दी आल्यामुळे त्याच्या आनंदाला पारावार उरलेला नाही. समोर बसलेला कंक नावाचा ब्राह्मण मात्र दर वेळी एकच सांगतो आहे, की बृहन्नडा ज्याची सारथी, त्याला जय मिळणारच. नाचगाणे शिकवणाऱ्या एका नोकराची आपल्या मुलाशी बरोबरी झालेली राजाला सोसत नाही आणि तो हातातला फासा कंकाच्या तोंडावर फेकून मारतो. नाकातून रक्ताची धार लागते. कंक ते रक्त जमिनीवर पडू देत नाही, ओंजळीत धरतो आणि जवळ उभ्या असलेल्या सैरंध्रीकडे फक्त पाहतो. ती काय ते समजते आणि पाण्याने भरलेले सोन्याचे पात्र पुढे करते. तेवढ्यात उत्तर दारात येऊन उभा राहिल्याचे कळते, आणि त्याच्यासोबत बृहन्नडाही. कंक द्वारपालाच्या कानात सांगतो, की उत्तराला एकट्यालाच आत सोड. कारण कंक हा वेष पालटलेला युधिष्ठिर आणि बृहन्नडा हा अर्जुन; रणांगणाबाहेर जो कोणी युधिष्ठिराचे रक्त काढील त्याला जिवंत सोडायचे नाही, असे अर्जुनाचे व्रत आहे.

लहानपणी देवळातल्या कीर्तनात हा प्रसंग ऐकताना सगळा मंडप श्वास रोखून बसलेला मी पाहिला आहे. बुवा फासा फेकल्याचा अभिनय करीत आणि मग हात कपाळाला लावून म्हणत, ‘अरे राजा, कोणाला मारलेस!’ बायका डोळ्यांना पदर लावीत. मीही रडलो आहे. पुढे पुष्कळ वर्षांनी महाभारतातले विराटपर्व स्वतः वाचताना ते वाक्य पुन्हा आठवले आणि त्यातला ‘कोणाला’ हा शब्द एकदम टोचला. आमच्या डोळ्यांत पाणी आले होते ते मार खाणारा युधिष्ठिर होता म्हणून. समजा, तो कंक नुसता कंकच असता, पोटासाठी राजाची करमणूक करणारा एक फासेबहाद्दर असता, त्याच्या मागे राज्य नसते, भाऊ नसते, शमीच्या झाडावर बांधून ठेवलेली शस्त्रे नसती, तर आमच्यापैकी किती जण रडले असते? खरे म्हणजे बुवांनी तो प्रसंग सांगितलाच नसता.

आपले बळ, आपली विद्या किंवा आपले कूळ लपवून वावरणारा नायक जगातल्या बहुतेक कथापरंपरांत आहे. आपल्याकडे नळराजा बाहुक होऊन अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे घोडे सांभाळतो आणि दमयंती त्याला त्याने रांधलेल्या अन्नाच्या चवीवरून ओळखते. ग्रीकांचा ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्याच घरी येऊन उंबऱ्याशी बसतो. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकात झोरो आला, जो दिवसा नाजूक, कंटाळलेला श्रीमंत तरुण असतो आणि रात्री मुखवटा घालून तलवार चालवतो. १९३८ मध्ये सुपरमॅन आला आणि त्याच्यासोबत चष्मा लावणारा, बुजरा, अडखळणारा वार्ताहर क्लार्क केंटही आला. आता मोबाइलवर दोन-दोन मिनिटांच्या भागांत चालणाऱ्या मालिकांमध्ये घरजावई म्हणून हिणवला गेलेला किंवा वॉचमन म्हणून हाकलला गेलेला तरुण शेवटी त्याच कंपनीचा मालक निघतो, आणि त्याला हाकलणारे त्याच्या पायाशी गुडघे टेकतात. कथेचा सांगाडा सगळीकडे तोच आहे: लपणे, अपमान, उघड होणे.

या सांगाड्यात जो आनंद मिळतो त्याविषयी मला गंभीर तक्रार आहे. अपमान करणाऱ्याला शेवटी शिक्षा होते खरी, पण ती कोणत्या गुन्ह्याची? त्याने माणसाचा अपमान केला याची नव्हे, तर माणूस ओळखला नाही याची. विराटाची चूक जणू एवढीच, की त्याने फासा चुकीच्या तोंडावर मारला. ही समजूत आपण मुलांना गोष्टींतून देतो, मोठेपणी तीच बातम्यांतून आणि मालिकांतून पक्की करतो, आणि मग आपल्या घरात, सोसायटीत, कार्यालयात ती वापरतो.

ओडिसियसच्या कथेत ही गोष्ट फार स्पष्टपणे उघडी पडते. त्याच्या घरात ठाण मांडून बसलेल्यांपैकी अँटिनूस त्या भिकाऱ्याला स्टूल फेकून मारतो. ते त्याच्या खांद्यावर लागते आणि बाकीचे उपटसुंभही अँटिनूसला दोष देतात. त्यांचे कारण मात्र पाहण्यासारखे आहे. हा कोणी स्वर्गातला देव असला तर, असे ते विचारतात. देव परदेशी माणसांची रूपे घेऊन गावोगाव हिंडतात आणि माणसांचा उद्दामपणा पाहतात. भिकाऱ्याला मारू नये, कारण तो कदाचित भिकारी नसेल. विराटाचा मुलगाही आत येताच बापाला सांगतो, की या ब्राह्मणाची आधी क्षमा मागा, नाहीतर ब्राह्मणाच्या कोपाचे विष तुम्हाला मुळासकट जाळून टाकील. दोन्ही ठिकाणी सल्ला चांगलाच आहे आणि दोन्ही ठिकाणी तो भीतीतून आलेला आहे. त्याच ग्रीक कथेत युमेयस नावाचा डुकरे राखणारा गडी आहे. तो मालकाला ओळखत नाही, तरीही फाटक्या वेषातल्या त्या म्हाताऱ्याला झोपडीत घेतो, खायला घालतो, अंगावर पांघरूण देतो, आणि म्हणतो की तुझ्याहून वाईट दशेत कोणी आला असता तरी त्याचा अनादर करणे मला शोभले नसते. मला सगळ्या कथेत हा डुकरे राखणारा सर्वांत थोर वाटतो, आणि कथा संपल्यावर आपल्याला आठवतो तो मात्र धनुष्य वाकवणारा ओडिसियस.

विराटपर्वाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि म्हणूनच तिच्यावर अन्याय झाला आहे, असे मला वाटते. बारा वर्षे वनवास आणि तेरावे वर्ष अज्ञातवास, ही पांडवांची अट सगळ्यांना ठाऊक असते. त्या वर्षासाठी युधिष्ठिर कंक झाला, भीम बल्लव नावाचा आचारी, अर्जुन बृहन्नडा, नकुल घोड्यांची निगा राखणारा आणि सहदेव गुरांचा राखणदार. द्रौपदी सैरंध्री होऊन सुदेष्णा राणीची वेणीफणी करू लागली. नगरात शिरण्यापूर्वी पुरोहित धौम्याने त्यांना राजाच्या पदरी कसे राहावे याची लांबलचक शिकवण दिली. राजाच्या आसनावर, वाहनावर, पलंगावर बसू नये. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये. राजाच्या उजवीकडे किंवा डावीकडे बसावे, कारण पाठीमागची जागा शस्त्रधारी रक्षकांची असते. अंतःपुरातल्या माणसांशी सलगी करू नये. राजपुत्र म्हणून जन्माला आलेल्यांना हे शिकवावे लागले, याचा अर्थ जन्मभर त्यांच्या भोवती वावरणारी माणसे हे सगळे क्षणोक्षणी पाळत होती आणि त्यांना ते कधी दिसले नव्हते. हे पर्व म्हणजे राजसभा खालून कशी दिसते याचे चित्र आहे. इतक्या जुन्या काव्यात इतके बारकाईने काढलेले असे चित्र मला दुसरे माहीत नाही.

त्या चित्राचा सगळ्यांत जिवंत भाग सैरंध्रीचा आहे. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक तिच्यामागे लागतो. राणीला ते कळते आणि ती सैरंध्रीला मद्य आणण्याच्या निमित्ताने भावाच्या घरी पाठवते. सैरंध्री नको म्हणते, तो कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे म्हणते, दुसऱ्या कोणाला पाठवा म्हणते. राणी तिच्या हातात भांडे देते. कीचकाच्या तावडीतून सुटून ती धावत थेट सभेत येते आणि भर सभेत, राजाच्या डोळ्यांदेखत, कीचक तिला लाथ मारतो. विराट म्हणतो, तुमचे भांडण माझ्यासमोर झाले नाही, मूळ प्रकार ठाऊक नसताना मी काय निवाडा करू? कंकाच्या रूपातला युधिष्ठिर तिला सांगतो, की नटीसारखी रडत इथे उभी राहू नकोस, मत्स्यांच्या खेळात व्यत्यय येतो आहे, राणीच्या महालात जा. ती आपल्या पतींच्या पराक्रमाची आठवण काढते खरी, पण त्यांची नावे घेत नाही. आणि राजाला ती जे सुनावते त्याला राणीपणाचा आधार लागत नाही. हा दरोडेखोरांचा धर्म झाला, तो सभेत शोभत नाही, असे ती म्हणते. कोणत्याही दासीने म्हणावे आणि कोणत्याही सभेने ऐकावे असे ते वाक्य आहे.

त्या रात्री ती मुदपाकखान्यात भीमाकडे जाते आणि आपले हात त्याच्यापुढे धरते. विराटासाठी चंदन उगाळून उगाळून तिच्या तळव्यांना घट्टे पडलेले असतात. कुंतीची किंवा तुमची कधी भीती वाटली नाही ती मी, आज त्या राजापुढे भीत उभी राहते, असे ती सांगते; उटी नीट झाली आहे की नाही, यावर तो काय म्हणेल याची भीती; कारण दुसऱ्याने उगाळलेले चंदन त्याला म्हणे आवडत नाही. भीम ते हात आपल्या तोंडाशी घेतो आणि रडतो. बायकोच्या किंवा आईच्या हातांचे घट्टे पाहून न बोलता गप्प झालेला माणूस मराठी घरांत नवा नाही. मालकाला आवडते म्हणून एकाच हाताने ते काम करत राहायचे, आणि तेवढ्याने त्या हातांचे घट्टे मालकाला दिसत नाहीत, हेही नवे नाही.

पुढचे सर्वांना माहीत आहे. भीम नृत्यशाळेत कीचकाला मारतो. महाराष्ट्रात या प्रसंगाला स्वतःचा इतिहास आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत भारतमाता, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल पाहिले. इंग्रज सरकारनेही तेच पाहिले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. पारतंत्र्यात ते रूपक आवश्यक होते आणि ते करण्याचे धाडस थोर होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्या रूपकात सैरंध्री देशात विरघळून गेली. मालकिणीच्या भावाच्या घरी पाठवली जाणारी, नको म्हणूनही पाठवली जाणारी मोलकरीण त्यात उरली नाही. आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर रूपकाची गरज संपली, तरी तिच्याकडे परत जाण्याची आठवण फारशी कोणाला झाली नाही.

बृहन्नडेचेही असेच झाले आहे. नाटकात, चित्रपटात, दूरदर्शनच्या पडद्यावर ती आली, की प्रेक्षक आधी हसतात, आणि शमीच्या झाडावरून गांडीव उतरले, की टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांत ‘सुटलो’ असा भाव असतो. पण जिला राजाने पारखून घेऊन आपल्या मुलीची शिक्षिका नेमले आणि जिच्याकडून ती राजकन्या वर्षभर नृत्य शिकली, ती बृहन्नडा, अर्जुन उघड होईपर्यंत, अयोग्य होती का? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना त्यांची स्वतःची ओळख मान्य करून दिली. त्यांच्यापैकी कोणीही शमीवर शस्त्रे ठेवून आलेला अर्जुन नाही. एक वर्ष संपल्यावर त्यांना परत जाण्यासाठी दुसरे रूप नाही, आणि ते असावे अशी त्यांची मागणीही नाही.

इथे मला या कथाप्रकाराचा आणखी एक दोष सांगावासा वाटतो. आपली योग्यता लपवणे ही चैन आहे. ती परवडण्यासाठी ती योग्यता सिद्ध करायची सोय कोठेतरी जपून ठेवलेली असावी लागते. पांडवांनी स्मशानाजवळच्या शमीवर शस्त्रे बांधली, लोकांनी जवळ येऊ नये म्हणून त्यासोबत एक प्रेत बांधले, आणि गुराख्यांना सांगितले की ही आमची एकशे ऐंशी वर्षांची आई आहे. दसऱ्याला आपण शमीची आणि शस्त्रांची पूजा करतो त्यामागे हीच आठवण सांगितली जाते. ज्याच्या मागे अशी शमी नाही त्याचे लपणे वेगळ्या जातीचे असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून, ठरल्याप्रमाणे बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी त्यांनी एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून खोली घेतली. तिथे त्यांच्याशिवाय दुसरा कोणी पाहुणा नव्हता. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले लोक आले, त्यांनी त्यांना जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेला हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा अज्ञातवासाच्या कथेची उलटी बाजू समोर येते. इथे लपवलेली गोष्ट सामर्थ्य नव्हती. विद्या तर उघडच होती आणि त्या काळच्या हिंदुस्थानात अगदी थोड्यांजवळ होती. तिचा त्या काठ्यांपुढे काडीचा उपयोग झाला नाही. कथेत नायक उघड होतो तेव्हा सभा उठून उभी राहते. बडोद्याला एक माणूस उघड झाला आणि त्याला पाच तास सार्वजनिक बागेत बसून रात्रीच्या गाडीने मुंबईला परत यावे लागले. गुण दिसला की मान आपोआप मिळतो, असे सांगणारी प्रत्येक गोष्ट या एका प्रसंगाशी ताडून पाहावी.

या कथांच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. सुपरमॅन निर्माण करणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलँड शहरात वाढलेले, ज्यू स्थलांतरितांच्या घरातले दोन तरुण होते. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या मुलाला क्लार्क केंट ही केवढी सोबत असेल, याची मी कल्पना करू शकतो, कारण मीही त्या बाकावर बसलो आहे. आपल्या आत कोणाला न दिसणारे काहीतरी आहे, हा विश्वास माणसाला जगवतो. तो कोणाकडूनही काढून घेऊ नये. पण तो विश्वास एकट्याने मनात बाळगण्याचा आहे. समाजाने इतरांशी वागण्याचे धोरण म्हणून तो वापरला, की त्याचा अर्थ पालटतो. मग मागच्या बाकावरच्या प्रत्येकाला आपण विचारू लागतो, की दाखव तुझ्या शर्टाखाली काय आहे. आणि ज्याच्या शर्टाखाली बनियनच निघते, त्याच्याकडे पाठ फिरवतो.

दहावी-बारावीचे निकाल लागले, की वर्तमानपत्रांत मथळे येतात: धुणीभांडी करणाऱ्या आईच्या मुलीला नव्वदच्या वर टक्के, वॉचमनचा मुलगा झाला अधिकारी. अशी बातमी वाचून मलाही आनंद होतो, त्या मुलीचे कष्ट खरे असतात. पण त्या मथळ्यात आईचे काम कोणत्या जागी ठेवलेले असते ते पाहावे. ते चित्रामागच्या काळ्या पडद्यासारखे असते, मुलीचे यश उठून दिसावे म्हणून लावलेले. ज्या बाईने वीस वर्षे चार घरची भांडी घासली, तिच्याविषयी त्या बातमीपर्यंत कोणी काही लिहिलेले नसते, आणि मुलीला पंचावन्न टक्के मिळाले असते तर लिहिलेही नसते.

मी राहतो त्या शहरातल्या एका मोठ्या सोसायटीत लिफ्टजवळ फलक लागला होता, की घरकामासाठी येणाऱ्यांनी ही लिफ्ट वापरू नये. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला सामानाची लिफ्ट होती आणि ती महिन्यातले कित्येक दिवस बंद असे. सातव्या मजल्यावर पोळ्या करायला येणाऱ्या मावशी कठड्याला धरून जिना चढत आणि प्रत्येक मजल्यावर क्षणभर टेकत. त्यांचे गुडघे कामातून गेले होते. सभेत हा विषय निघाला तेव्हा एक सज्जन गृहस्थ मनापासून कळवळून उठले आणि म्हणाले, ‘अहो, त्या मावशींचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे.’ सभेत एकदम शांतता झाली. कित्येकांच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण आले आणि फलक काढायचे ठरले. मला त्या गृहस्थांविषयी आदर आहे, कारण त्यांच्या बोलण्याने मावशींचा जिना सुटला. पण त्याच मजल्यावर फरशी पुसायला येणाऱ्या दुसऱ्या बाईंना मुलगा नव्हता, आणि असता तरी तो इंजिनिअरिंगला गेला असता असे नाही. त्यांच्या गुडघ्यांचे काय, हा प्रश्न त्या सभेत कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही. आम्हाला लपलेला नायक सापडला होता आणि तेवढ्याने आमचे समाधान झाले होते.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेत या प्रश्नाचा विचार आपल्यापेक्षा पुढे गेलेला आहे, असे माझे मत आहे. ज्ञानदेव तेराव्या अध्यायात अमानित्वाचे वर्णन करतात तेव्हा सांगतात, की हा माणूस सर्वज्ञ असूनही मोठेपणाच्या भयाने वेडेपणात दडतो, आपले चातुर्य लपवतो आणि आवडीने खुळेपणा मिरवतो. वरवर पाहता हाही लपलेला नायकच. मात्र त्याच्या लपण्याला शेवटची तारीख नाही. योग्य क्षणी सदरा फाडून बाहेर यायचे, असा त्याचा बेत नाही, आणि आपल्याला न ओळखणाऱ्यांचा सूड त्याच्या मनात नाही. लोकांनी आपल्याला ओळखावे ही इच्छाच त्याने सोडून दिलेली आहे.

एकनाथांची गोष्ट तर याच विषयावरची आहे. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षे राहिला, त्याने गोदावरीवरून कावडीने पाणी आणून रांजण भरला, देवपूजेसाठी चंदन उगाळले, आणि द्वारकेहून आलेल्या एका ब्राह्मणामुळे तो साक्षात श्रीकृष्ण होता हे कळले, तोवर तो निघून गेलेला होता. श्रीखंड म्हणजे चंदन. सैरंध्रीच्या हातांना ज्याने घट्टे पडले तेच काम इथे देव करतो आहे. देवाने सेवकाचे काम हलके मानले नाही, ही या कथेतली मोठी गोष्ट आहे. दामाजीपंतांसाठी विठ्ठल बिदरच्या दरबारात विठू महार होऊन गेला, जनाबाईसोबत दळायला बसला, या कथाही त्याच कुळातल्या. ज्या हातांना समाजाने दूर ठेवले, त्या हातांचे रूप देवाने घेतले, असे सांगण्याचे धैर्य त्यांत आहे.

तरीही श्रीखंड्याच्या कथेतून सांत्वन घेताना मी अडखळतो. देवाकडून काम करून घेतले म्हणून नाथांना अपार दुःख झाले, असे सांगतात. गडी नुसता गडीच असता तर? या प्रश्नाचे उत्तर कथेत नसले, तरी नाथांच्या चरित्रात आहे. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला घालायची सोडून त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारे अस्पृश्याचे मूल उचलून कडेवर घेतले आणि त्याच्या आईबापांकडे नेऊन पोचवले. ते मूल पुढे कोण झाले हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. गाढवाच्या गोष्टीला मात्र सांगणारे पुष्कळदा जोड देतात, की ते गाढव नव्हतेच, शंकराने परीक्षा पाहण्यासाठी घेतलेले ते रूप होते. मला ती जोड मुळीच मान्य नाही. तिने नाथांचे मोठेपण वाढत नाही, कमी होते. ते गाढव गाढवच होते आणि त्याला तहान लागली होती. नाथांनी जे केले ते एवढे ठाऊक असताना केले.

आज सैरंध्रीसारख्या स्त्रीसाठी कायदा आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी मंडळ स्थापण्याचा अधिनियम २००८ मध्ये झाला. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला मनाई करणारा २०१३ चा कायदा घर हेही कामाचे ठिकाण मानतो, आणि घरकाम करणाऱ्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. या कायद्यांत कोठेही असे लिहिलेले नाही, की तक्रार करणारी आतून कोणी राणी असावी. कायदा या बाबतीत आपल्या गोष्टींच्या पुढे आहे. पण तक्रार घेऊन आलेल्या बाईकडे सभेने कसे पाहायचे, हे कायद्याच्या कलमाने ठरत नाही. ते आपण लहानपणी कोणत्या गोष्टी कशा ऐकल्या यावर ठरते. म्हणून विराटपर्व सांगणाऱ्यांना, मग ते कीर्तनकार असोत, नाटककार असोत की नातवंडांना झोपवणारे आजीआजोबा, माझी विनंती आहे, की कंकाच्या नाकातून रक्त येते तिथे आणि सैरंध्रीला लाथ बसते तिथे ‘कोणाला मारलेस’ असे म्हणू नये. मारलेस, एवढेच म्हणावे.

आणि एक प्रसंग गाळू नये, जो बहुतेक वेळा गाळला जातो. कीचक मेल्यावर त्याचे भाईबंद सैरंध्रीला बांधून त्याच्या प्रेतासोबत जाळायला नेतात, भीम त्यांनाही मारून तिला सोडवतो, आणि सगळे नगर हादरते. तेव्हा विराट राणीला सांगतो, की या बाईला आता कामावरून जायला सांग. मला स्वतः तिच्याशी बोलण्याचे भय वाटते, तू सांग. ज्याने लाथ मारली त्याच्याविषयी राजाने काही केले नव्हते. जिला लाथ बसली तिला तो घालवून देतो आहे. सैरंध्री महालात परत येते, अंग आणि वस्त्रे धुऊन आलेली असते, आणि राणी तिला राजाचा निरोप सांगते. सैरंध्री वाद घालत नाही. मला फक्त तेरा दिवस आणखी राहू द्या, एवढेच ती मागते. तेरा दिवसांनी तिचा अज्ञातवास संपणार आहे हे आपल्याला माहीत असते. राणीला माहीत नसते. राणीला समोर दिसते ती एक मोलकरीण, जिला उद्यापासून जायला जागा नाही.